बासने हलणारा टप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची दोन सबवूफर एकाच पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये बसवले आहेत. आवाज वाढवला की टपाचा मधला भाग डोळ्यांना दिसेल इतका वर-खाली होतो. बॉक्स पुढे-मागे सरकवला, सबवूफरचं तोंड फिरवलं, बॉक्सखाली रबर घातलं. टप हलायचा तो हलतोच. काय चुकतंय?

उत्तर: बसवण्यात काही चुकलेलं नाही, उपाय चुकीच्या जागी चालला आहे. रबर बॉक्सचा धक्का जमिनीत जाऊ देत नाही, पण तुमचा टप धक्क्याने नव्हे, हवेच्या दाबाने हलतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर असते. गाडीची केबिन त्याच्या निम्मीही नसते. त्यामुळे इतक्या खालच्या स्वरांना केबिनभर दाब जवळपास एकदमच चढतो आणि एकदमच उतरतो. बॉक्स कुठेही ठेवा, टपाच्या वाट्याला तेवढाच जोर येतो.

तो जोर किती, हे आकड्यांत पाहिलेलं बरं. टपाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरू. १२० डेसिबलला दाब २० पास्कल, म्हणजे टपावर सुमारे ३ किलोचा जोर. १४० डेसिबलला २०० पास्कल, म्हणजे ३० किलो. १५० डेसिबलला ६३० पास्कलच्या आसपास, म्हणजे जवळपास ९७ किलो. हे आरएमएस, म्हणजे एका प्रकारच्या सरासरीचे, आकडे झाले. प्रत्येक लहरीच्या शिखरावर जोर याच्या १.४ पट असतो आणि ४० हर्ट्झला तो सेकंदात ४० वेळा वर ढकलतो, ४० वेळा खाली ओढतो. त्याच्यासमोर उभा असतो साधारण ०.७ मिलिमीटरचा पत्रा. दरवाजांच्या पत्र्याला घड्या असतात, आत चौकट असते. टप मात्र गाडीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत सपाट पत्रा, आणि त्याला आधार काय, तर खालून आडव्या गेलेल्या दोन-तीन पट्ट्या, म्हणजे रूफ बो.

टप हलणं नुसतं दिसायला वाईट नाही. पत्रा वर उचलला गेला की केबिनमधली जागा तेवढी वाढते आणि दाब तेवढा कमी होतो. तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरला दिलेली ताकद बाहेरची हवा हलवण्यात जाते. खात्री करायची असेल तर दोघांनी बाहेरून टपाच्या मध्यावर तळहात सपाट टेकवावेत आणि तिसऱ्याने आत बसून तोच स्वर ऐकावा. हात टेकवल्यावर बास घट्ट आणि मोठा वाटला, तर टप तुमचा बास खातो आहे हे नक्की. हात फक्त टेकवायचे. जोर लावला तर पोचा पडेल आणि तो बाहेर काढणं हे वेगळंच काम होऊन बसेल.

प्रश्न: टपाचा नेमका कोणता भाग हलतो हे कसं शोधायचं? सगळीकडून खडखड येते, त्यामुळे काही कळत नाही.

उत्तर: खडखड आणि हलणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आधी त्या वेगळ्या करा. गाणं लावून शोधू नका. २० ते ८० हर्ट्झचे शुद्ध साइन स्वर (एकाच कंपनसंख्येचा सलग नाद) एक-एक हर्ट्झच्या अंतराने वाजवा. एक स्वर पाच-सात सेकंदच ठेवा, मध्ये थोडी विश्रांती द्या. सलग साइन स्वराने व्हॉइस कॉइल (सबवूफरच्या आतली तारेची गुंडाळी) फार लवकर तापते, गाण्यात तिला मिळते तशी उसंत इथे मिळत नाही. कानात इअरप्लग हवेतच.

आता गाडी अशा ठिकाणी लावा जिथे वर सरळ ट्यूबलाइट आहे आणि तिचं प्रतिबिंब टपाच्या रंगावर पडतं. टपाशेजारी उभं राहून ते प्रतिबिंब बघत स्वर बदलत न्या. पत्रा अर्धा मिलिमीटर हलला तरी प्रतिबिंबातली रेघ चांगली फिस्कटते. जिथे रेघ पसरून धूसर होते तिथे पत्रा सर्वांत जास्त हलतो. जिथे रेघ स्थिर आणि धारदार राहते तिथे खालच्या बोने पत्रा धरून ठेवला आहे. बो जिथे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे तिथेही रेघ धूसर होत असेल, तर पत्रा बोपासून सुटलेला आहे असं समजा. ही खूण खडूने नव्हे, मास्किंग टेपने करा. ज्या स्वराला हालचाल सर्वाधिक आहे तो आकडा त्या टेपवरच लिहून ठेवा, पुढे कामाला येतो. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन चित्रीकरण असेल तर तेही चालेल. ४० हर्ट्झच्या एका आवर्तनाला त्यात सहा फ्रेम मिळतात.

खडखडीसाठी मात्र हात हेच साधन. स्वर चालू ठेवून केबिनमधला दिवा, सनव्हायझरच्या क्लिपा, पकडायचे हँडल, तिसरा ब्रेकलाइट, अँटेनाचा पाया, टपावरची रेल आणि मागची नंबरप्लेट एकेक करून दाबा. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. टपाच्या नावावर खपणारी बरीचशी खडखड नंबरप्लेट आणि डिकीच्या दरवाजाचीच असते. तिला टपाचं काम करून काही फरक पडत नाही.

प्रश्न: टपाला आतून पूर्ण २ मिलिमीटरची ब्युटाइल डॅम्पिंग शीट (पत्र्याचा नाद मारणारी रबरी शीट) लावून घेतली. एक इंचही जागा सोडली नाही. आधी ५२ हर्ट्झच्या आसपास टप जोरात हलायचा. आता ५२ ला शांत आहे, पण ४२ ला तसाच हलतो. शीट खराब निघाली का?

उत्तर: शीट चांगली आहे, ती तिचं काम करते आहे. ते काम आणि तुम्हाला हवं असलेलं काम यांत फरक आहे.

०.७ मिलिमीटर पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे साडेपाच किलो. २ मिलिमीटर ब्युटाइल आणि वरची अ‍ॅल्युमिनियम फॉइल मिळून साधारण साडेतीन किलो. म्हणजे हलणारं वजन ५.५ चं ९ झालं, १.६४ पट. वजन वाढलं आणि कडकपणा तेवढाच राहिला की पत्र्याची स्वतःची कंपनसंख्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते. १.६४ चं वर्गमूळ १.२८. ५२ भागिले १.२८ म्हणजे सुमारे ४१. फॉइलमुळे थोडा कडकपणा मिळतो, म्हणून तुमच्याकडे ४२ आले. हिशोब चोख जुळतो. दुर्दैवाने बास असलेल्या गाण्यांचा मुख्य मुक्काम ५२ पेक्षा ४२ लाच जास्त असतो.

डॅम्पिंग शीट पत्र्याचा नाद मारते. टपावर टिचकी मारून बघा, पूर्वी ‘टण्ण’ यायचं तिथे आता ‘ठप्’ येत असेल. पावसाचा आवाज, रस्त्याची भणभण, वरच्या स्वरांची झिणझिण याला तिच्यासारखं औषध नाही. पण ३० किलोच्या जोराला अडवायचं असेल तर कडकपणा हवा, आणि तो मऊ ब्युटाइलमध्ये नसतो. दुसरा थर लावू नका. दोन थरांनी वजन मूळच्या सव्वादोन पट होईल, कंपनसंख्या तिशीच्या मध्यात जाईल आणि टपावर दहा किलो वाढतील ते वेगळेच.

कडकपणा कुठून आणायचा? सर्वांत आधी कारखान्याने दिलेल्या बोंपासूनच. बो आणि पत्रा यांच्यात कारखान्यात मऊ मॅस्टिकचे (चिकट लुकणाचे) ठिपके टाकलेले असतात, सलग रेघ नसते. ते फक्त पत्रा वाऱ्याने फडफडू नये म्हणून असतात. गाडी काही वर्षं उन्हात राहिली की हे ठिपके सुकतात आणि एका बाजूने सुटतात. मग बो एकीकडे, पत्रा दुसरीकडे. हेडलायनर, म्हणजे टपाचं आतलं कापडी अस्तर, खाली घेऊन बो आणि पत्र्याच्या फटीत पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवत न्या. जिथून ती आरपार जाते तिथे धरच नाही.

या फटीत काचा चिकटवायचं एकघटकी पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंट भरायचं. चिकटून असलेले जुने ठिपके राहू द्या, सुटलेले कापून काढा. फटीच्या दोन्ही बाजू करड्या नायलॉन पॅडने हलक्या घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं बदलून पुन्हा पुसा. उघडा पत्रा दिसला तर पॉलियुरेथेनला त्याचा प्रायमर लागतो. नळकांड्याचं तोंड लांब आणि चपटं करून घ्या, म्हणजे सीलंट फटीच्या आत जाईल, कडेला नुसता थर बसणार नाही. बोच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडांनी सलग रेघ ओढा. प्रत्येक रेघ आतमध्ये किमान ८ ते १० मिलिमीटर रुंद बसली पाहिजे.

हे करताना बोला खालून टेकू देऊन वर दाबायचा मोह होतो. तो आवरा. दाबलेल्या अवस्थेत सीलंट सुकलं की बाहेरून टपावर आडवी रेघ उमटते, आणि गडद रंगाच्या गाडीवर ती लांबूनही दिसते. फट आहे तेवढीच भरायची. अशी सीलंट हवेतल्या ओलाव्यावर बाहेरून आत सुकत जातात, साधारण २४ तासांत ३-४ मिलिमीटर. १० मिलिमीटरची रेघ असेल तर तीन दिवस सबवूफर बंद ठेवा. अर्धवट सुकलेल्या सीलंटला ४० हर्ट्झने हलवलं की ते चिकटायच्या आधीच पत्र्यापासून सुटतं.

यानंतर पुन्हा साइन स्वरांची फेरी करा. नव्याने काम करणाऱ्यांनी क्रम असाच ठेवावा: आधी बो, मग शीट. बो पक्के झाले की शीट दोन बोंमधल्या भागाच्या मध्यावर २५ ते ४० टक्के लावली तरी पुरते. रोलरने एवढी दाबा की फॉइलवरचे उठाव सपाट होतील. हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते.

प्रश्न: बोंना सीलंट भरलं, खूप फरक पडला, पण मागच्या दोन बोंमध्ये ६० सेंटिमीटरचं अंतर आहे आणि तो भाग अजून हलतो. मध्ये नवीन बो घालता येईल का?

उत्तर: येईल, आणि याहून मोठा फायदा दुसऱ्या कशात नाही. दोन आधारांमधल्या पट्टीची वाक अंतराच्या चौथ्या घाताने बदलते. ६० चं अंतर ३० केलं की वाक सोळावा भाग होते, कंपनसंख्या चौपट. टपाचा पत्रा दोन्ही दिशांना वाकलेला असतो आणि नवा बो स्वतःही थोडा वाकतो, म्हणून हाती पूर्ण सोळापट लागत नाही. जे लागतं ते पुरेसं असतं.

त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा बो मिळाला तर तोच घ्या, त्याची कमान तयार मिळते. नाही मिळाला तर २० बाय २० मिलिमीटर, दीड मिलिमीटर जाडीची चौकोनी पोलादी नळी. मीटरला एक किलोहून कमी वजन भरतं. पुठ्ठ्याचा साचा कापून टपाची कमान त्यावर उतरवा आणि नळी त्याप्रमाणे वाकवून घ्या. पत्रा आणि नळी यांच्यात सगळीकडे ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. नळी पत्र्याला कुठेही थेट टेकली तर तिथे बाहेर उंचवटा दिसतो आणि आत ठकठक सुरू होते. ही फट वर सांगितल्याप्रमाणेच सीलंटने भरायची. सुकेपर्यंत नळीला खालून हलका आधार, तिचं वजन पेलण्यापुरता.

तत्पूर्वी हेडलायनर परत बसेल ना, हे पाहायला हवं. पत्र्याला मातकामाच्या मऊ चिकणमातीचे चार-पाच गोळे चिकटवा, हेडलायनर जागेवर लावा, पुन्हा काढा. चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तुमच्या हातातली जागा. २५ मिलिमीटरहून कमी असेल तर चौकोनी नळीचा नाद सोडा आणि १ मिलिमीटर पत्र्याची टोपीच्या आकाराची उथळ पट्टी वाकवून घ्या.

टोकं कशाला धरायची, हा यातला अवघड भाग. कडेच्या चॅनेलवर वेल्डिंग करू नका. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ते अति-उच्च ताकदीचं पोलाद असतं, उष्णतेने त्याची ताकद जाते आणि गाडी उलटल्यावर तुम्हाला वाचवणारा भाग तोच असतो. पत्र्याला तर टाकाही नको, रंग जळेल आणि पत्रा ओढला जाईल. त्यापेक्षा नव्या बोपासून पुढच्या आणि मागच्या मूळ बोंना जोडणाऱ्या, गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या दोन पट्ट्या, मध्यरेषेपासून डावी-उजवीकडे ३० सेंटिमीटरवर, रिव्हेट करा. तिन्ही बो मिळून एक जाळी होते आणि कडेला हात लावावा लागत नाही.

प्रश्न: हेडलायनर घरी काढता येतो का? कडेला एअरबॅग आहेत.

उत्तर: कडेला पडदा एअरबॅग असतील तर आधी बॅटरीची ऋण तार काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, काही मिनिटं तरी असतोच. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावण्याआधी हे झालेलं हवं. मग सनव्हायझर, दिवे, हँडल, तिन्ही खांबांचे ट्रिम, बेल्टचा वरचा बोल्ट, दरवाजाचं रबर, शेवटी हेडलायनरच्या क्लिपा. पुढच्या सीट पूर्ण मागे पाडून तो डिकीतून काढा. दुमडू नका, एकदा मोडलेली घडी कापडावर कायम दिसते. एअरबॅगवर किंवा तिच्या उघडण्याच्या वाटेत शीट, फोम, वायर, काहीही नको. पुढच्या खांबाच्या क्लिपा अनेक गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात, त्या नव्या घ्या. बेल्टचा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचनेच आवळा.

परत लावताना हेडलायनर आणि बो यांच्यात ५ मिलिमीटरच्या बंद-छिद्री फोमच्या पट्ट्या द्या. त्याने बास थांबत नाही, पण पुठ्ठ्याचा आवाज थांबतो. उघड्या छिद्रांचा स्पंजासारखा फोम टपाखाली नको, तो दव शोषून धरतो.

प्रश्न: टप आणि हेडलायनरमधली सगळी पोकळी फुगणाऱ्या पीयू फोमने भरून टाकली तर? किंवा फायबरग्लास आणि रेझिन?

उत्तर: फोम नको. तो फुगताना मिळेल तिकडे ढकलतो आणि ०.७ मिलिमीटरचा पत्रा त्याला अडवू शकत नाही. टपावर आलेले उंचवटे काढायला पत्रा बदलावा लागतो. शिवाय तो वायरिंग, सनरूफच्या पाण्याच्या नळ्या आणि एअरबॅग गिळतो, आणि आग लागली तर पेटतो.

फायबरग्लासने कडकपणा खरंच येतो. फक्त एसपीएल (सर्वांत मोठ्या आवाजाच्या) स्पर्धेसाठी ठेवलेल्या गाडीत, जिथे टप कसा दिसतो याची फिकीर नाही, तिथे ते ठीक. रोजच्या गाडीत पॉलिस्टर रेझिन सुकताना आकसतं आणि कापडाची वीण बाहेरच्या रंगावर उमटते. कडक इपॉक्सीने बो चिकटवण्याचा सल्लाही दिला जातो, त्यातही हीच गोम आहे. ऊन-सावलीत पत्रा आणि बो वेगवेगळे ताणले जातात, लवचीक सीलंट ते सोसतं, इपॉक्सी एकतर रेघ उमटवतं नाहीतर सुटतं.

प्रश्न: पॅनोरॅमिक सनरूफ आहे. काचेला शीट लावता येत नाही आणि हेडलायनर काढायची तयारी नाही. काय करता येईल?

उत्तर: सनरूफच्या गाडीत मधले बो नसतात, त्यांच्या जागी बोल्टने बसवलेली चौकट असते. काच स्वतः कडक असते, हलते ती चौकट आणि रबर. काचेची उंची ठरवणारे स्क्रू बघा. काच टपाच्या पातळीत चारही कोपऱ्यांत सारखी नसेल तर एक कोपरा रबरावर टेकतच नाही आणि तिथूनच घरघर येते. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, सरकत्या पडद्याच्या रुळांत फेल्टची टेप.

बाकीचं काम डीएसपीवर, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रावर. पोर्टेड बॉक्स ३४ हर्ट्झला ट्यून असेल तर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर कापणारी सोय) २८ ते ३० ला, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. त्याच्या खालच्या स्वरांना सबवूफरचा पडदा (कोन) मोकळा धावतो, ऐकू फार कमी येतं आणि टप मात्र हलतो. मग टप ज्या स्वराला हलतो तिथेच पॅरामेट्रिक इक्वलायझरने कापा: ४२ हर्ट्झ, क्यू (कापाची रुंदी ठरवणारा आकडा) ५, उणे ४ डेसिबल. हा काप साधारण ३८ ते ४६ एवढ्यापुरताच राहतो. ६ डेसिबल कापले तर त्या स्वराला टपावरचा जोर थेट निम्मा होतो. काप अरुंद असल्यामुळे त्याची उणीव सहसा जाणवत नाही. बास बूस्टची घुंडी शून्यावर आणा. ती बहुधा ४५ च्या आसपासच फुगवते, म्हणजे एका हाताने कापून दुसऱ्या हाताने परत दिल्यासारखं.

प्रश्न: तीन वर्षं मोठा बास वाजवला. आता टपाच्या कडेच्या खाचेतली काळी पट्टी काढल्यावर खालच्या सीलंटला केसासारख्या भेगा दिसतात. पावसात खांबाशी ओल येते. वरून सिलिकॉन भरू का?

उत्तर: सिलिकॉन अजिबात नको. त्यावर रंग धरत नाही, आणि एकदा लावलं की पुढचं कोणतंही सीलंट तिथे नीट चिकटत नाही. या खाचेत टपाचा पत्रा आणि कडेची भिंत एकमेकांना स्पॉट वेल्डने किंवा ब्रेझिंगने जोडलेली असतात. टप हलतो तेव्हा ताण नेमका इथे येतो. आधी सीलंट फाटतं, मग पाणी शिरतं, मग गंज.

भेगेपाशी सीलंट ५-५ सेंटिमीटर दोन्हीकडे कापून काढा आणि खालचा जोड भिंगाने बघा. धातूत भेग असेल किंवा स्पॉट वेल्डभोवती गंजाचं कडं असेल, तर ते बॉडी वर्कशॉपचं काम, तोवर सबवूफर बंद. धातू धड असेल तर गंज पूर्ण घासून काढा, इपॉक्सी प्रायमर द्या, तो सुकल्यावर रंग धरणारं पॉलियुरेथेन सीम सीलर भरा आणि वर रंग लावा. मग पाण्याची नळी, फवारा न लावता, खाचेच्या खालच्या टोकापासून सुरू करून दर पाच मिनिटांनी वीतभर वर न्या. आत एकाने टॉर्च घेऊन बसावं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या खाचेतून वाहतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. अँटेनाच्या पायाखालचं रबरही याच वेळी तपासा, हलत्या टपावर तेही सैल होतं आणि तिथून आलेली ओल पुष्कळदा खांबाशीच उतरते.